कुंपण नसलेलं पाणी

एप्रिल-मे महिन्यांत जिल्हा आवृत्तीचं आतलं पान उघडलं की एक बातमी हमखास सापडते : शेततळ्यात बुडून दोघा भावंडांचा मृत्यू. आई-वडील कामात होते, मुलं तळ्याच्या काठाशी खेळत होती; धाकट्याचा पाय घसरला, त्याला काढायला थोरला उतरला, तोही बुडाला. कधी दोघांच्या मागोमाग आईनेही उडी घेतलेली असते. पावसाळ्यात शेततळ्याच्या जागी ओढा, धबधबा किंवा धरणाचं पाणी येतं, गणपतीत विसर्जनाचा तलाव येतो, शहरात इमारतीच्या पायासाठी खणलेला आणि पावसाने भरलेला खड्डा येतो. गाव बदलतं, नावं बदलतात, घटनाक्रम मात्र तोच. माझं म्हणणं या सारखेपणावरच उभं आहे. जे इतक्या ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक रीतीने घडतं ते नशिबाच्या नावावर टाकता येत नाही. ते अडवता येतं. कसं अडवायचं हेही आता पुरेसं ठाऊक झालेलं आहे, आणि तरीही मुलं बुडत राहतात, याची मला मनापासून चीड येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं पाण्यात बुडून दगावली. त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची बालकं होती आणि जवळपास निम्मी तिशीच्या आतली. दहापैकी नऊ मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत अलीकडच्या काळात बुडून झालेल्या मृत्यूंची संख्या वर्षाला ३५ हजारांच्या वरच राहिली आहे. पश्चिम बंगालमधल्या सुंदरबनात घरोघर जाऊन पाहणी झाली तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये लाखामागे सुमारे २४० मुलं दरवर्षी बुडून मरत असल्याचं दिसलं. गोवर, जुलाब, न्यूमोनिया यांच्यापासून मुलं वाचवायला आपण लशी दिल्या, ओआरएसच्या पुड्या वाटल्या, आशाताई दारोदार पाठवल्या. त्यातून वाचलेलं मूल दीड वर्षाचं होतं, चालायला लागतं आणि घरामागच्या पाण्यात जातं. त्यासाठी मात्र आपल्याकडे कोणतीच मोहीम नाही.

मूल बुडतं कसं, याची आपल्या मनातली कल्पना सिनेमातून आलेली असते : हात उंचावून, ओरडून, मदतीसाठी हाका मारणारं माणूस. प्रत्यक्षात बुडणारं मूल ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि तोंड पाण्यावर येतं तो क्षणभराचा वेळ श्वास ओढण्यातच जातो. हात वर उचलले जात नाहीत. ते आपोआप पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभंच असतं, डोकं मागे कललेलं. ही झटापट साधारण २० ते ६० सेकंद चालते आणि मग मूल खाली जातं. दीड-दोन वर्षांच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, त्यामुळे बादलीत डोकावताना तोल गेला तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही आणि चार बोटं पाण्यातही ते गुदमरतं. पुढच्या चार-सहा मिनिटांत प्राणवायूअभावी मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणजे चुलीवरची भाकरी उलटून येईपर्यंत सगळं घडून गेलेलं असू शकतं, आणि दहा पावलांवर असलेल्या आईला साधा आवाजही आलेला नसतो. ‘मुलाने हाक मारली असती तर धावलो असतो’ असं लोक नंतर म्हणतात, ते खरंच असतं. पण पाण्यातून हाक येत नाही.

यावर सगळ्यात कसून काम केलं ते बांगलादेशाने. घरटी पुकूर, म्हणजे अंगणापलीकडे तळं, अशी तिथली वस्ती. तिथल्या संशोधकांनी बुडालेल्या मुलांची माहिती गोळा केली तेव्हा दोन गोष्टी ठळक झाल्या. लहानगी बहुतेक घरापासून अगदी जवळच्या, वीसेक मीटरवरच्या तळ्यातच बुडतात. आणि त्यातले बरेच मृत्यू सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान होतात, कारण त्या वेळी आई स्वयंपाक, धुणं, गुरं यांत गुंतलेली असते आणि वडील कामावर गेलेले असतात. मग त्यांनी नेमक्या त्याच चार तासांसाठी गावागावांत ‘आँचल’ नावाची पाळणाघरं काढली. गावातलीच एक बाई, जिला ‘आँचल-मा’ म्हणतात, तिच्या घरात वीस-पंचवीस लेकरं सांभाळते. दाराला आडवी फळी, सोबत एक मदतनीस, गाणी, खेळ. चार वर्षांवरच्या मुलांना गावाच्या तळ्यातच बांबूचं मचाण बांधून पोहायला शिकवलं : २५ मीटर पोहणं, अर्धा मिनिट नुसतं तरंगणं, आणि बुडणाऱ्याला काठावरूनच काठी किंवा दोर देणं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळणाघरात येणाऱ्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक आणि पोहायला शिकलेल्यांमध्ये ९० टक्क्यांहून अधिक घटलेलं दिसलं. बालआरोग्याच्या कुठल्याही योजनेला असे आकडे क्वचितच लाभतात. २०२२ मध्ये बांगलादेश सरकारने अशी ८ हजार केंद्रं चालवण्याचा प्रकल्प मंजूर केला. सुंदरबनातही ‘कवच’ या नावाने अशी केंद्रं सुरू झाली आहेत.

महाराष्ट्राला यातून उचलण्यासारखं खूप आहे. आपल्या अंगणवाडीत रोज येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. चालायला लागल्यापासून तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो, बसायला जागा मिळत नाही. आणि बुडण्याचा धोका नेमका याच वयात भरात असतो. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढण्याची सोय २०२२ पासून आहे. ती सगळ्यात आधी कुठे हवी, याचं उत्तर मला तरी सरळ दिसतं : जिथे पाणी उघडं आहे आणि आई दिवसभर बांधावर आहे तिथे. वीटभट्ट्या, मुरमाच्या खाणी, कांदा-द्राक्षाची शिवारं, ऊसतोडीचे तळ. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांच्या कोप्या बहुधा कालव्याच्या, नदीच्या किंवा विहिरीच्या आसपास असतात, कारण पाणी जवळ लागतं. पहाटे कोयता घेऊन आई फडात गेली की दोन वर्षांचं पोर सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. त्या बहिणीचीही शाळा बुडते आणि तिच्यावर पडलेला भार तिच्या वयाला पेलणारा नसतो.

आता शेततळ्याकडे जरा जवळून पाहू. अवर्षणाच्या पट्ट्यात शेततळ्याने काय दिलं हे जालना जिल्ह्यातल्या कडवंचीच्या द्राक्षबागा पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि मी शेततळ्याच्या विरोधात मुळीच नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून शेततळी गावोगाव झाली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल असं तळं भरलं की त्यात जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. पाणी मुरू नये म्हणून बऱ्याच तळ्यांत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरतात. बाजू उताराच्या, बहुतेक पंचेचाळीस अंशांच्या आसपास. विहिरीला कपारी असतात, पायऱ्या असतात, दगडाच्या खाचा हाताला लागतात. नदीला काठाचं झुडूप असतं. ताणून बसवलेल्या कागदावर यातलं काहीच नाही. पाण्याच्या पातळीला शेवाळ धरलं की तो साबणासारखा निसरडा होतो. त्यात उतरलेला पट्टीचा पोहणारा गडीसुद्धा बाहेर येताना पुन्हा पुन्हा घसरून दमतो. मग मुलाचं काय? एका मुलामागे दुसरं आणि त्यांच्यामागे मोठं माणूस जातं ते याच कारणाने. धाडस कमी पडत नाही, पकडायला काही नसतं.

उपाय काय, तर चारी बाजूंनी कुंपण, त्याला कडी लागणारं दार, आणि चारी बाजूंच्या खांबांना बांधून पाण्यापर्यंत सोडलेले गाठी मारलेले जाड दोर. त्यासोबत तळ्यावर सदैव तरंगती ठेवलेली ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, किंवा झाकण घट्ट लावलेले दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन दोराने बांधून. परदेशात घरगुती पोहण्याच्या तलावांवर झालेले अभ्यास हेच सांगतात की तलावाला स्वतःचं, चारी बाजूंचं कुंपण असलं तर लहान मुलं बुडण्याचं प्रमाण ठळकपणे घटतं. तीनच बाजूंनी कुंपण आणि चौथीकडे घराचं दार, असं असलं तर तेवढा फायदा होत नाही. खर्चाचा मुद्दा खरा आहे. चारशे-पाचशे रुपयांचा दोर कोणालाही परवडेल, पण तारेच्या जाळीला पैसा लागतो, आणि कर्ज काढून तळं केलेल्या शेतकऱ्याला ‘आणखी खर्च करा’ असं शहरात बसून सांगणं सोपं असतं. म्हणून हा खर्च अनुदानातच धरला पाहिजे आणि शेवटचा हप्ता कुंपण व दोर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सुटता कामा नये. जे सरकार खड्ड्याची लांबी-रुंदी मोजून पैसे देतं त्याला कुंपणही मोजता येईल. जुन्या तळ्यांचा प्रश्न ग्रामपंचायतीने मनावर घेतला तर सुटू शकतो; शाळेच्या वाटेवरची आणि वस्तीलगतची तळी आधी घ्यावीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : मुलावर लक्ष ठेवणं हे आई-बापाचं काम, त्यात सरकार आणि गावाने काय करायचं? लक्ष ठेवायचं काम त्यांचंच, यात वाद नाही. पण जिला पाणी भरायचं आहे, भाकऱ्या थापायच्या आहेत, म्हशीला पेंड घालायची आहे आणि दुपारी खुरपायला जायचं आहे अशा बाईने चौदा तास डोळ्यात तेल घालून बसावं ही अपेक्षाच खोटी आहे. शहरात दोन नोकऱ्यांचं घरही मुलावर अखंड नजर ठेवत नाही. तिथे खिडकीला गज असतात, गच्चीला कठडा असतो, टाकीला झाकण असतं, म्हणून मूल वाचतं. सुखवस्तू घरातल्या मुलाला रचना सांभाळते आणि गरिबाच्या मुलाला फक्त आईचे डोळे, आणि ते डोळे क्षणभर हलले की दोष आईचा. बुडालेल्या मुलाच्या आईला सासरच्यांनी, शेजाऱ्यांनी आयुष्यभर टोचत राहणं हा या मृत्यूंचा दुसरा, कुठेही न नोंदलेला भाग आहे. तो मला अन्यायाचा वाटतो.

दुसरा आक्षेप जरा वेगळा. पूर्वी कुठे होतं हे सगळं? पाठीला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधून, पुढे रिकामा डबा बांधून, काका-मामांनी विहिरीत ढकलून दिलं आणि मुलं आपोआप शिकली. यात तथ्य आहे, आणि ती परंपरा मोलाची होती. तिच्यात एक जाणता माणूस पाण्यात हजर असायचा, शिकणारा दोराला बांधलेला असायचा आणि पोहणं पिढीकडून पिढीकडे जायचं. पण ती साखळी बऱ्याच गावांत तुटली. विहिरी आटल्या, त्यांच्या जागी बोअर आले. शिकवणारे मामा पुण्या-मुंबईला नोकरीला गेले. वाळू उपशाने नद्यांचे तळ बिघडले आणि जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे दोन पुरुष खोल डोह झाले. शिवाय त्या परंपरेत मुली जवळजवळ नव्हत्याच. धुणं धुवायला, हंडा भरायला पाण्यावर जायचं मुलींनी आणि पोहायला शिकायचं मुलांनी, ही वाटणी आजही फारशी बदललेली नाही. धुणं धुताना एकीचा पाय घसरला आणि तिला धरायला गेलेल्या तिघी-चौघी बुडाल्या, अशा बातम्या त्यातूनच येतात.

पोहायला शिकवलं तर मुलं शेफारून खोल पाण्यात जातील, अशीही भीती पालक बोलून दाखवतात. ती समजण्यासारखी आहे, पण बांगलादेशातला अनुभव उलटा आहे : शिकलेली मुलं कमी बुडाली. मात्र काय शिकवायचं हे नीट ठरवलं पाहिजे. स्पर्धेतल्या वेगाशी इथे कर्तव्य नाही. अचानक पाण्यात पडल्यावर घाबरून न जाता उताणं तरंगणं, श्वास सांभाळणं आणि काठ गाठणं एवढं आलं तरी जीव वाचतो. नेदरलँड्समध्ये तर देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली, घराबाहेर पडलं की कालवा. तिथे मुलांच्या पोहण्याच्या पहिल्या परीक्षेतच अंगावर कपडे आणि पायात बूट ठेवून पोहावं लागतं, कारण पाण्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नसतं. जपानमध्ये १९५५ साली दाट धुक्यात दोन बोटींची टक्कर होऊन १६८ माणसं बुडाली. त्यांत शंभराच्या आसपास शाळकरी मुलं होती. त्या धक्क्यानंतर शाळाशाळांतून तलाव बांधण्याला आणि पोहणं शिकवण्याला तिथे जोर आला. आपल्याला शाळेगणिक तलाव परवडणार नाही हे उघड आहे, पण तालुक्याच्या ठिकाणचा एक तलाव, सुट्टीतले पंधरा दिवस आणि पाचवी-सहावीचा वर्ग, मुलींसह, एवढं जमण्यासारखं आहे.

किशोरवयाचा प्रश्न आणखी निराळा. बारा-चौदा वर्षांनंतर मूल घरापासून लांब, मित्रांच्या घोळक्यात बुडतं. तिथे कुंपण पुरत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात अचानक वाढलेल्या पाण्याने एका कुटुंबातली एक बाई आणि चार मुलं वाहून गेली. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं साऱ्या महाराष्ट्राने फोनच्या पडद्यावर पाहिली. वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की खाली लखलखीत ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत चढतो. समुद्रात लाटा फुटत नाहीत असा शांत दिसणारा पट्टा बऱ्याचदा पाणी आत ओढून नेणारा असतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजत दमण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावं लागतं. कोळीवाड्यातल्या मुलाला हे कळतं, साताऱ्याहून किंवा नागपूरहून आलेल्याला कुठून कळणार? गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले. कोकण किनाऱ्यावर नुसत्या ‘पोहण्यास मनाई’च्या पाटीवर भागवणं चालू राहिलं तर पाटी वाचून तरुण पोरं पाण्यात उतरणारच.

हे सगळं कोणी करायचं, यापाशी येऊन गाडी अडते. बुडालेल्या मुलाची नोंद होते पोलीस ठाण्यात. पंचनाम्यात पोलिसांना पाहायचं असतं ते घातपात आहे का एवढंच. तो नाही असं ठरलं की कागद बंद. कृषी खात्याने तळं दिलं, पण मृत्यू त्यांच्या खात्यातला नाही. जलसंपदाचा कालवा आहे, पण त्यांचं काम पाणी सोडण्याचं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ च्या डिसेंबरात बुडून होणारे मृत्यू रोखण्याचा एक आराखडा प्रसिद्ध केला, ही चांगली सुरुवात आहे. पाच वर्षांखालचं मूल दगावलं तर ते कशाने आणि कोणत्या चुकांमुळे, याचं अन्वेषण करण्याची पद्धत आरोग्य खात्यात २०१४ पासून आहे. तीच पद्धत बुडून गेलेल्या प्रत्येक मुलाला, अठरा वर्षांपर्यंत, लावता येईल. पाणी कोणाच्या मालकीचं होतं, कुंपण होतं का, दोर होता का, किती वाजले होते, मुलाजवळ कोण होतं, एवढी पाच उत्तरं दर मृत्यूमागे तालुक्याला जमा झाली तर दोन वर्षांत कुठल्या गावाला काय हवं हे तहसीलदाराच्या टेबलावर दिसेल.

तोवर प्रत्येक घराला माहीत असावी अशी गोष्ट म्हणजे बुडत्याला वाचवायचं कसं. पोहता येत असलं तरी थेट उडी टाकू नये; घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावर पालथं झोपून काठी, बांबू, कुदळीचा दांडा पुढे करावा. साडी, ओढण्या, पंचे एकमेकांना गाठी मारून फेकावेत. तरंगणारं काहीही, अगदी रिकामा हंडासुद्धा, पालथा करून टाकावा. मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, मिठात पुरणं, हे सगळे प्रकार आजही चालतात आणि त्यात नेमकी मोलाची मिनिटं वाया जातात. पोटातलं पाणी मारत नाही, प्राणवायू न मिळणं मारतं. मूल श्वास घेत नसेल तर त्याला उताणं ठेवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत, छाती वर येते का ते पाहावं. हालचाल नसेल तर छातीच्या मध्यावर तळहाताने सलग तीस दाब आणि मग पुन्हा दोन श्वास. अगदी तान्हं बाळ असेल तर त्याचं नाक-तोंड मिळून आपल्या तोंडात घ्यावं आणि दोन्ही हातांनी छाती वेढून दाब दोन अंगठ्यांनी द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. आणि मूल शुद्धीवर येऊन बोलू लागलं तरी त्याला दवाखान्यात न्यावंच, कारण पाणी गेलेल्या फुप्फुसांना पुढच्या काही तासांत सूज येऊन श्वास पुन्हा अडू शकतो.